माझ्या थुंकीतलं आईचं दुखणं

थुंकायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पंचवीस वर्षं तंबाखू खातोय. पण त्या खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं की नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू तर नाहीच नाही. तो अर्धा तास मला फार जड गेला. मग बोटभर नळीत रेघेपर्यंत थुंकी भरायची, फेस मोजायचा नाही, झाकण घट्ट लावून हलवायचं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"घरात एक पिचकारी मारू देत न्हाई मी तुमाला," ती म्हणाली, "अन् तुमी नळीत भरून कुरिअरनं धाडायलाव."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. आता त्या हसण्याचाच राग येतो.

घाटनांदुरात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यानं ते खोकं पाठवलं होतं. "पप्पा, यातून आपलं मूळ कळतं. पूर्वज कुठले, कुठून आले, सगळं." माझी नस त्याला बरोबर ठाऊक. मूळ म्हटलं की मी ताट सोडून बोलत बसतो.

आमचे आजोबा सांगायचे, आपण मूळचे कर्नाटकातल्या बसवकल्याणचे. व्यापारासाठी बैलांवर माल लादून इकडं आलो आणि इथलेच झालो. हे खरं की खोटं, देव जाणे. पण आमच्या लिंगायत समाजाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बीड, परळी, अंबाजोगाई, लातूर, सगळीकडची माणसं त्यात. सकाळी वचनं, दुपारी लग्नाच्या पोरापोरींचे बायोडाटा, संध्याकाळी भांडण. त्यात अंबाजोगाईचा एक भुसार व्यापारी होता. मी बसवकल्याणचं नाव काढलं की तो लगेच टोचायचा, "कल्याणचे कशाचे बे, तुमी हितलेच." त्याला एकदाचं गप्प करायचं, एवढ्यासाठी मी त्या नळीत थुंकलो. दुसरं कारण नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण नव्हतं.

नळी पाठवायच्या आधी मोबाईलवर एक फॉर्म भरायचा होता. मुलगा फोनवर सांगत होता आणि मी दाबत होतो. अटींची पानंच्या पानं आली. "ते वाचत बसू नका, खाली मान्य म्हणा," तो म्हणाला. मी मान्य म्हणालो. तुमचा नमुना संशोधनासाठी वापरू का? मान्य. इतर कंपन्यांना देऊ का? मान्य. घरात कुणाला मोठा आजार होता का? तिथं मात्र मी थांबलो. मग आईचा आजार खरा-खरा भरला. कंपनीला कळून काय होतंय, असं वाटलं. गिऱ्हाइकाला मी पिशवीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवतो, लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणी कधीची, सगळं. न वाचता पिशवी घेणाऱ्याला मी रागावतो. स्वतःच्या अंगाबद्दलची पानं मात्र अंगठ्यानं वर ढकलत गेलो.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. पंचवीस-तीस पानांची फाइल, सगळी इंग्रजीत. चौथ्या पानावर देशाचा नकाशा आणि दक्षिणेकडचा मोठा तुकडा केशरी रंगवलेला. त्या केशरी रंगात हैदराबाद बसत होतं, बेळगाव बसत होतं, अर्धा आंध्र बसत होता. आता खरं सांगायचं तर घाटनांदूरसुद्धा बसत होतं. पण कल्याण बसतंय ना, मला तेवढं पुरेसं होतं.

मला ग्रुपवर एकच पान टाकायचं होतं. फाइलीतलं एकच पान कसं काढतात ते मला येत नाही आणि मुलाची सुट्टी होईपर्यंत धीर नव्हता. मी अख्खी फाइल टाकली. वर लिहिलं, "आपलं मूळ कल्याण. आता शास्त्रानं सिद्ध." लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. भुसार व्यापाऱ्यानंही अंगठा दाखवला. त्या दिवशी दुकानात येईल त्याला मी चहा पाजला.

चौथ्या पानाच्या पुढं मी गेलोच नव्हतो.

माझी एकुलती बहीण बीडला दिली आहे. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी. तिला एकच मुलगी. पोरीनं फार्मसी केलंय, मेडिकल दुकानात नोकरी करते, मामाला उलटून बोलते आणि मामाला ते फार आवडतं. त्या वेळी तिची परळीच्या एका घरात सुपारी फुटलेली होती. मुलगा सरळ, घर भरलेलं. बस्ता तेवढा बांधायचा राहिला होता. हे स्थळ त्याच ग्रुपवरून जमलं होतं, आणि जमवलं होतं मी. मुलाचा बाप ग्रुपात, मुलाचा चुलता ग्रुपात. चुलता डॉक्टर.

रिपोर्ट माझा, पण तो पहिल्यांदा पुरता वाचला त्या चुलत्यानं.

तिसऱ्या दिवशी मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याला कुणीतरी ती फाइल फिरत-फिरत पाठवली होती. "पप्पा, तुमी ग्रुपवर काय टाकलंय? आधी काढा ते." मी काढायला गेलो. तोवर वेळ टळली होती. फाइल फक्त माझ्या मोबाईलमधून निघाली, बाकी सगळ्यांकडं तशीच राहिली. मग त्यानं मला एकोणिसावं पान वाचून दाखवलं. बहुधा आईच्या कुळातून आलेला एक दोष माझ्यात आहे. बायकांमध्ये त्यातून छातीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सख्ख्या बहिणीत, बहिणीच्या मुलीत तो असू शकतो. खाली मी भरलेली माहिती तशीच छापली होती. आई, छातीचा कॅन्सर, वय पंचेचाळीस.

त्यांनी "असू शकतो" लिहिलं होतं. गावात गेल्यावर "शकतो" शिल्लक राहत नाही.

आठवड्यानं स्थळ जमवताना मधे असलेला गृहस्थ माझ्या दुकानात आला. माझा जुना गिऱ्हाईक, दरवर्षी सोयाबीन माझ्याकडूनच नेणारा. आधी त्यानं पाणी मागितलं, मग पावसापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "परळीवाले म्हनायलेत पत्रिका जुळंना."

"सुपारी फुटल्यावर पत्रिका?" मी म्हणालो. "आपल्यात पत्रिका बघतंय कोन?"

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आता तुमाला काय सांगावं शेठ. एका पिशवीचा नमुना नापास झाला की अख्ख्या लॉटची इक्री थांबवतेत. तुमीच सांगितलतं की मला."

सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी तपासनिसानं एका कंपनीच्या बियाण्याचा नमुना नेला होता आणि त्या लॉटच्या सगळ्या पिशव्या मी विक्रीतून काढून बाजूला ठेवल्या होत्या. या माणसानं विचारलं होतं की बाकीच्या पिशव्यांचा काय दोष, आणि मी मोठ्या ऐटीत त्याला समजावलं होतं. आता त्यानं तेच माझ्यापुढं ठेवलं. मी त्याला दुकानातून हाकलून दिलं. "माझी भाची म्हणजे काय बियाणं हाय का बे?" असं ओरडलो. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तो पायऱ्या उतरला, आणि मी गल्ल्यावर बसून लेकरासारखा रडलो.

त्या दुपारी बहिणीचा फोन आला. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही.

"दादा," ती म्हणाली, "आईनं माझ्या लग्नापायी जीव दिला. गप बसून दिला. अन् तू एका नळीत थुंकून समद्या जिल्ह्याला सांगितलास." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

आईचं सांगायला हवं. सव्वीस वर्षांपूर्वी बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आईच्या छातीत गाठ होती. हरभऱ्याएवढी होती तेव्हापासून तिला ठाऊक होतं. घरात तिनं ते एकट्या मला सांगितलं, कारण दुखण्याच्या गोळ्या अंबाजोगाईहून आणून द्यायला कुणीतरी हवं होतं. चुलीपुढं बसून तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "लेकीचं लगीन हुईपस्तर तोंड उघडलास तर माझी शपथ हाय," म्हणाली. बार्शीला कॅन्सरचा दवाखाना आहे; आमच्याकडं "बार्शीला नेलंय" एवढं कानावर आलं की माणसं पुढं विचारत नाहीत. सगळ्यांना समजतं आणि त्या घरच्या पोरीकडं बघायची नजर बदलते. आईला ते नको होतं. आठ महिने तिनं काढले. पदर घट्ट लपेटून हळद लावली, मांडवात सगळ्यांना वाढलं, लेकीला वाटेला लावलं. मग दुसऱ्या सोमवारी मला म्हणाली, "चल आता बार्शीला." तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, इतके दिवस काय करत होता?

वर्षाच्या आत ती गेली. आमच्यात दहन करत नाहीत, मातीत ठेवतात. शेतात बापाच्या जागेशेजारीच तिला ठेवली. गावाला पोटाचं दुखणं होतं म्हणून सांगितलं. बहिणीला नंतर कळलं की आईनं लपवलं होतं. मला आधीपासून माहीत होतं, हे तिला मी कधी सांगितलं नाही.

सुपारी मोडल्यावर मी अंबाजोगाईला एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. रिपोर्ट दाखवला. मला वाटलं, त्या म्हणतील, हे असलं काही खरं नसतं. त्यांनी सगळी पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "घरी मागवलेल्या तपासणीवर विसंबू नका, नीट प्रयोगशाळेत परत करून घ्या. तुमच्यात असलं तरी बहिणीत असेलच असं नाही. निम्मी शक्यता. पण त्यांना तपासायला सांगा. लवकर सांगा. या आजारात लवकर कळणं हेच सगळं असतं." मग पानं परत देत म्हणाल्या, "हा कागद आधी त्यांच्या हातात जायला हवा होता. गुपचूप."

मी पानं पिशवीत घातली. दुसरं काय करणार होतो?

पुढच्याच सोमवारी मी बीडला गेलो. मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली, सगळे उतरले, मी बसून राहिलो. काय बोलायचं ते जुळवत होतो. माफी मागायची, पाया पडायचं, आणि काही करून तिला तपासायला न्यायचं. वाटेल ते बोलू दे, पण तपासायला न्यायचं.

दाजी त्यांच्या दुकानात होते, की मला टाळून गेले होते, कोण जाणे. भाचीनं दार उघडलं. पोर सुकली होती. तिनं नेहमीसारखा नमस्कार केला, पाणी दिलं, आणि माझ्यासमोर बसून शांतपणे विचारलं, "मामा, मी कुठं टिक केलतं का?"

मला समजलं नाही.

"न्हाई, म्हणजे तुमी फॉर्म भरलात. तुमी मान्य म्हणालात. त्यात मी हाय, आई हाय. आमाला कुनी विचारलतं का?"

ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. या पोरीला बारशात मांडीवर घेऊन मी बसलो होतो. मी म्हणालो, "चुकलं पोरी." ती उठून आत गेली.

बहीण बाहेर आली. चहा ठेवला, स्वतः मात्र चौकटीला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं. ती आईपेक्षा मोठी झाली आहे. आई पंचेचाळिसाव्या वर्षी गेली, ही सत्तेचाळीसची. तोच बांधा, पदर धरायची तीच रीत. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. पुण्याला नेतो म्हणालो, मुलाकडं राहू, इथल्या कुत्र्यालाही कळणार नाही. नुसतं रक्त द्यायचं आणि एक फोटो काढायचा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तपासलं की रिपोट येतो. रिपोट आला की कागद हुतो. अन् आपल्या घरातला कागद कुठं-कुठं जातो ते बगितलंय मी."

"मी कुनाला दावनार न्हाई. शपथ."

"पोरीचं लगीन हुईपस्तर मी तपासायची न्हाई," ती म्हणाली. "पुन्यात बी न्हाई अन् बार्शीत बी न्हाई. एकदा ती उजवली की मंग तू म्हनशील तिथं येते."

अगदी आईचं वाक्य. "लगीन हुईपस्तर", तसंच्या तसं. आणि मग सव्वीस वर्षं दाबून ठेवलेलं मी बोलून बसलो. म्हणालो, "आईनं बी असंच म्हनलं होतं. मला ठावं होतं. तिनं मला सांगितलतं. मी गप बसलो म्हनून ती गेली. आता तू तरी असं करू नको."

चहावर साय धरली.

"तवा गप बसलास," ती म्हणाली, "मंग आता बी बस."

मी उठलो. दाराशी आलो तेव्हा ती आतूनच म्हणाली, "सावकाश जा." एवढं म्हणायला ती विसरली नाही, म्हणून मला जास्तच रडू आलं.

मुलानं कंपनीला पत्रावर पत्र लिहिली. माझं खातं बंद करा, नळी नष्ट करा, सगळं पुसा. उत्तर गोड आलं. खातं बंद केलं आहे. मात्र आपण परवानगी दिली होती त्यानुसार जी माहिती आधीच पुढं गेली आहे ती परत आणता येणार नाही. मुलगा रडत होता, मी त्याला काही बोललो नाही. वाचू नका म्हणाला होता तो, पण अंगठा माझा होता. त्याच आठवड्यात त्याच कंपनीचा आणखी एक मेल आला. आपल्या भावंडांसाठीही एक किट मागवा, खास सवलत. खातं बंद झालं तरी पत्ता त्यांच्याकडं होताच. मी तो मेल बायकोला वाचून दाखवला. या वेळी ती हसली नाही.

ग्रुपात मी अजून आहे. बाहेर पडलो तर लोक म्हणतील, खरं आहे म्हणून पळाला. रोज दुपारी बायोडाटा येतात. मी एकेक उघडून बघतो. गावाला वाटतं मामा पोरीसाठी धडपडतोय. पोरीला काय, ती शिकलेली आहे, नोकरी करते, तिचं लग्न आज ना उद्या होईल. मी धडपडतोय बहिणीसाठी. हे लग्न होईपर्यंत ती दवाखान्याची पायरी चढणार नाही, आणि ज्यांच्याकडं लग्न जमायचं त्यातल्या निम्म्या लोकांच्या मोबाईलमध्ये माझं एकोणिसावं पान आहे. बोलायचं तेव्हा मी गप्प बसलो आणि गप्प बसायचं तेव्हा बोललो. आईसाठी एक चूक केली, बहिणीसाठी दुसरी.

गेल्या महिन्यात निलंग्याकडचं एक स्थळ आलं. ग्रुपच्या बाहेरचं घर, आमची फाइल तिथं पोचलेली नसावी. मुलगा-मुलगी भेटले, एकमेकांना पसंत पडले. मुलाच्या वडिलांनी फोनवर सहज विचारलं की मुलीची आजी कशानं गेली. मी म्हणालो, पोटाचं दुखणं होतं. तेच शब्द, सव्वीस वर्षांपूर्वीचे. भाचीला हे कळलं तर ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. त्या माणसानंही कुठं काही टिक केलेलं नाही. तरी मी खोटं बोललो.

ते म्हणाले, वैशाखात धरू लग्न, घाई काय आहे. मी बोटं मोजली. आठ महिने. मी म्हणालो, "दिवाळी झाली की लगेच करून टाकू की. साधंच करू. रजिस्टर करू म्हणलात तरी चालतंय."

"एवढी घाई कावून करायलाव?" त्यांनी विचारलं.

दिवसभर दुकानात माझं तोंड बंद नसतं. त्या एका प्रश्नाला मला शब्द फुटला नाही. माझं थांबणं त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "बरं, घरात इचारून कळवतो." अजून कळवलेलं नाही.

बहीण आता पुन्हा बोलते. रोज सकाळी मी दुकानाचं शटर उघडायच्या वेळी तिचा फोन येतो. "आला का फोन निलंग्याचा?" एवढंच विचारते. मी म्हणतो, येईल. मग मी विचारतो, "तुझं कसं हाय?"

"मला काय झालंय?" ती म्हणते. "मी बरी हाय."

आईसुद्धा ते आठ महिने रोज हेच सांगायची.